शामाला गेटवरून परत पाठवणाऱ्या आमच्या समितीस

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहरचना संस्था, पुणे

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास आपल्या गेटवर एक जुनी ओम्नी उभी होती. मागच्या सीटवर, निळ्या चादरीवर, शामा नावाची कुत्री बसली होती. काळी, अकरा वर्षांची, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असलेली. कुत्र्यांच्या शेल्टरमधला मुलगा तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता, कारण गाडी थांबली की ती थरथरायला लागते. वॉचमनकाका गाडी आत सोडत नव्हते. त्यांचा काही दोष नाही, त्यांना आदल्या रात्री तसं बजावलं होतं. शेल्टरमधून आणलेल्या कुत्र्यांना यापुढे प्रवेश नाही, अशी समितीची नोटीस शुक्रवारी फलकावर लागली होती. मी फोन केले. एक सदस्य म्हणाले, "नोटीस वाचली नाही का?" दुसऱ्यांनी फोन उचलला नाही. वर तिसऱ्या मजल्यावर, शामाला दत्तक घेणाऱ्या काकूंनी गॅलरीत सतरंजी अंथरून ठेवली होती, पाण्याचं पातेलं भरून ठेवलं होतं. काका खाली उतरून गेटबाहेर आले. त्यांनी गाडीच्या खिडकीतून हात आत घातला. शामाने तो हुंगला, मग चाटला. चाळीस मिनिटांनी गाडी वळली आणि शेल्टरकडे परत गेली.

त्या चाळीस मिनिटांमुळे मी हे पत्र लिहिते आहे.

समितीला मी दोन ई-मेल पाठवले. उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. शिवाय अशीच नोटीस, याच शब्दांत, पुण्यातल्या आणखी कितीतरी सोसायट्यांच्या फलकांवर लागलेली मी स्वतः पाहिली आहे. त्या सोसायट्यांमधल्या माणसांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

मी बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. चौदा वर्षं झाली. आपल्यापैकी बरेच जण मला "बंड्याची आई" म्हणूनच ओळखतात. तीन पायांचा, तपकिरी, एक कान पडलेला बंड्या तुमच्याही परिचयाचा आहे. २०१९ च्या जूनमध्ये मी त्याला शहराबाहेरच्या एका शेल्टरमधून आणलं. तेव्हापासून जमेल त्या रविवारी मी तिथे जाते. पिंजरे धुते, गोचिड्या काढते, कुत्र्यांना फिरवून आणते आणि कुत्रा बघायला आलेल्या घरांशी बोलते. त्यामुळे कोणाला घर मिळतं आणि कोणाला मिळत नाही, हे मी इतकी वर्षं जवळून पाहते आहे. तुमच्या नोटिशीत जो एक शब्द आहे, "भटकी", तो शब्द ज्यांच्यासाठी वापरलाय त्यांतले बरेचसे मला नावानिशी माहीत आहेत.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी पिल्लू आणायलाच गेले होते. फोटोत पाहिलेलं, पांढऱ्या पायमोज्यांचं, दीड महिन्याचं पिल्लू. ते त्याच दिवशी दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं. मी निघाले तेव्हा तिथली देखभाल करणारी ताई म्हणाली, "जरा त्या कोपऱ्यातल्याला भेटून जा." बंड्या तेव्हा सहा वर्षांचा होता आणि अडीच वर्षं तिथे होता. गाडीखाली सापडल्यामुळे मागचा डावा पाय काढावा लागला होता. माणूस आलं की बाकीची कुत्री जाळीवर झेपावत, हा मात्र मागच्या भिंतीला टेकून बसून राहायचा. अडीच वर्षांत शेकडो माणसं त्या जाळीसमोरून गेली असतील. मीही गेले होते, अर्ध्या तासापूर्वीच, आणि मला तो दिसला नव्हता. ताईने दार उघडलं, मी आत जाऊन जमिनीवर बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग तो तीन पायांवर टुकटुक करत आला आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसला. माझ्याकडे बघायचं नाही, पण टेकून बसायचं, अशी त्याची रीत होती. अजूनही तो तसाच बसतो.

शेल्टरमध्ये मागे कोण राहतं हे समितीला माहीत असावं असं मला वाटतं, कारण तुमची नोटीस नेमकी त्यांच्यावरच पडते.

पिल्लं राहत नाहीत. ॲडॉप्शन कॅम्प लागला की दुपारपर्यंत पिल्लं संपतात. जन्मापासून सहा-आठ महिन्यांपर्यंतचा काळ म्हणजे कुत्र्याचं नशीब उघडं असण्याचा काळ. त्यानंतर दार हळूहळू मिटत जातं. येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "पिल्लू नाहीये का?" दुसरा, "नर आहे ना?" तिसरा, "जरा गोरा रंग नाही का?" हे मी वाढवून सांगत नाही. मादी नको असते, जरी शेल्टरमधली प्रत्येक मोठी मादी नसबंदी झालेली असली तरी. काळा रंग नको असतो. काहींना त्यात अपशकुन दिसतो आणि काहींना तो कुत्रा दिसतच नाही, कारण काळ्या कुत्र्याचा मोबाईलवर फोटो काढला की सावलीचा एक डाग आणि दोन डोळे एवढंच उमटतं. आम्ही काळ्या कुत्र्यांना गळ्यात पिवळा रुमाल बांधून उन्हात उभं करून फोटो काढतो. तरीही फोन येतात ते बाजूच्या तपकिरी कुत्र्यासाठी. मग लंगडे, एका डोळ्याचे, बहिरे. मग मिरगीच्या गोळ्या चालू असलेले, ज्यांची गोळी दिवसातून दोनदा पोळीच्या तुकड्यात घालून द्यावी लागते, एवढाच त्यांचा त्रास. मग म्हातारे. आणि या सगळ्यांच्या मागे ती कुत्री, ज्यांना काहीच झालेलं नाही, जी फक्त शांत आहेत.

भुंकणाऱ्याला लोक "डेंजर" म्हणून टाळतात आणि गप्प बसलेल्याला "आजारी" म्हणून. जाळीच्या आत, चाळीस कुत्र्यांच्या गोंगाटात, कोणताच प्राणी स्वतःसारखा वागत नाही. त्याला बाहेर काढा, अर्धा तास झाडाखाली घेऊन बसा, मग तो कसा आहे ते दिसायला लागतं. घरी आणल्यावरही वेळ लागतोच. शेल्टरमधले लोक सांगतात, तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर समजून घेण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. बंड्याला आमच्या सोफ्यावर चढायला पाच महिने लागले.

शामाचं सांगते. ती रस्त्यावरची नाही. पेठेतल्या एका वाड्यात एक आजी एकट्या राहायच्या, त्यांची ती. आजींनीच तिला दोन महिन्यांची असताना दारातून उचलून घेतलं होतं. २०२१ मध्ये आजी गेल्या, वाडा पाडायला निघाला, नातेवाइकांनी तिला शेल्टरमध्ये आणून सोडलं. सोबत एका पिशवीत तिची ताटली आणि आजींच्या लुगड्याची गोधडी दिली होती. ती गोधडी दोन पावसाळ्यांत विरून गेली. पण अजूनही शेल्टरमध्ये नऊवारी नेसलेली कोणी बाई आली की शामा उठून उभी राहते आणि ती बाई निघून जाईपर्यंत बसत नाही. चार वर्षांहून जास्त काळ ती तिथे आहे. या काळात तिच्यासाठी एकूण तीन फोन आले. दोघांनी वय ऐकून ठेवून दिला. तिसरा फोन आपल्या तिसऱ्या मजल्यावरून आला.

काका-काकूंचा मुलगा कॅनडात असतो. त्यांना पिल्लू नकोच होतं. काकू म्हणाल्या, "पिल्लाच्या मागे धावायचं आमचं वय नाही, आणि ते पंधरा वर्षं जगणार. आमच्या मागे त्याचं काय? आमच्या वयाचंच कुणीतरी दे." इतकं शहाणपणाचं बोलणं मी शेल्टरमध्ये फार कमी ऐकलं आहे. त्या तीन रविवार माझ्यासोबत आल्या. दुसऱ्या वेळी शामाने त्यांच्या पदरात तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली. शेल्टरने घरी येऊन पाहणी केली, गॅलरीची जाळी बघितली, कागद केले. काका-काकूंना काही झालं तर शामाची जबाबदारी माझी, असं मी लेखी दिलं. रविवारी ती यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी फलकावर नोटीस लागली.

आता नोटिशीविषयी, एकेक मुद्दा घेऊन.

पहिला मुद्दा तुम्ही लिहिला आहे की फक्त "जातिवंत, ब्रीडरकडून घेतलेल्या कुत्र्यांना" परवानगी मिळेल, खरेदीची पावती जोडावी, आणि "भटक्या किंवा शेल्टरमधून आणलेल्या" कुत्र्यांना यापुढे प्रवेश नाही. मला सगळ्यात जास्त दुखवलंय ते याच वाक्याने. पावतीवर किंमत असते. शामाच्या फाइलमध्ये काय आहे ते सांगते: नसबंदीची तारीख, तिची खूण म्हणून कानाला दिलेली खाच, दरवर्षीची रेबीजची लस, नऊ-इन-वनची लस, रक्ताचे अहवाल, एकदा झालेला गोचीड-ताप आणि त्याचा उपचार, फटाक्यांना घाबरते, लहान मुलांजवळ शांत राहते, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडत नाही, ताटलीत हात घातला तरी गुरगुरत नाही. चार वर्षं रोज तिला पाहणाऱ्या माणसांनी लिहिलेलं आहे हे. दीड महिन्याच्या कोणत्या पिल्लाविषयी, मग ते कितीही हजारांचं असो, एवढं कुणी सांगू शकेल?

आणि ब्रीडरचं म्हणाल तर, २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आपल्या आवारात गेल्या काही वर्षांत आलेल्या पिल्लांपैकी किती पिल्लं हे नियम पाळून आली, हे समितीने कधी विचारलं होतं का? मला त्या पिल्लांविषयी काहीही राग नाही. ती निष्पाप आहेत, आणि मी त्यांच्यातल्या दोघांना दिवाळीच्या सुट्टीत सांभाळलंही आहे. पण शेल्टरमध्ये आज लॅब्रॅडोर आहेत, एक जर्मन शेफर्ड आहे, पुण्याच्या उन्हात धापा टाकणारी एक हस्की आहे. ही सगळी कधीतरी पावती घेऊनच कुणाच्या तरी सोसायटीत शिरली होती. आखूड केसांचं, इथल्याच हवेत घडलेलं, आपलं गावठी कुत्रं इथल्या उन्हापावसाला जितकं सरावलेलं असतं तितकं दुसरं कुठलं नसतं.

दुसरा मुद्दा लिफ्टचा. कुत्र्यांना लिफ्ट बंद, जिना वापरावा. माझ्या मजल्यापर्यंत बहात्तर पायऱ्या आहेत. बंड्या आता बारा-तेरा वर्षांचा आहे, त्याला तीन पाय आहेत आणि उरलेल्या मागच्या पायात संधिवात आहे. त्याचं वजन एकोणीस किलो. नोटीस लागल्यापासून मी त्याला दिवसातून तीनदा उचलून उतरवते आणि उचलून चढवते. माझं वय अठ्ठेचाळीस आहे. परवा दुसऱ्या मजल्यावर मला थांबावं लागलं, तेव्हा ए विंगमधला एक कॉलेजचा मुलगा धावत आला आणि त्याने बंड्याला वर नेऊन दिलं. त्या मुलाचे मी इथे जाहीर आभार मानते.

तिसरा, दरमहा पाचशे रुपये "पेट मेंटेनन्स". कशासाठी, हे लिहिलेलं नाही. त्याबद्दल एवढंच.

चौथा मुद्दा भाडेकरूंचा: भाडेकरूंना कोणताही प्राणी पाळता येणार नाही, असलेला पंधरा दिवसांत हलवावा. सी विंगमध्ये दोन बहिणी भाड्याने राहतात. त्यांच्याकडे एक मांजर आहे, मागच्या वर्षी शेल्टरमधूनच आणलेलं, एका डोळ्याचं. ते कधी दाराबाहेरही आलेलं नाही. त्या मुली मला विचारत होत्या, ताई, आम्ही घर बदलू की मांजर परत देऊ? परत आलेल्या प्राण्याची शेल्टरमध्ये काय अवस्था होते ते मी पाहिलं आहे. काही जण खाणंच सोडतात. अंगावरचे केस चाटून चाटून काढतात. आणि फॉर्मवर "एकदा परत आलेला" असं लिहिलं की पुढचं घर आणखी लांब जातं.

पाचवा मुद्दा नोटिशीत नाही, पण तो माझा आहे. हा विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हता. कुणाला विचारलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस जी बोलाचाली झाली तिलाच चर्चा समजून निर्णय झाला. त्या बोलाचालीत काकूंना जे शब्द वापरले गेले ते मी इथे लिहिणार नाही. काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या आहेत, आणि संध्याकाळी बागेत येणंही त्यांनी बंद केलं आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी काहींनी मला "सोसायटीचे नियम सोसायटी ठरवते" असं ऐकवलं. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे झाला. त्या कायद्याखाली भारतीय पशु कल्याण मंडळ स्थापन झालं. या मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी पाळीव आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की रहिवाशांच्या बहुमताने, किंबहुना सर्वसंमतीनेही, पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लहान कुत्रा चालेल आणि मोठा चालणार नाही असा भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत. दबाव आणून एखाद्याला आपला प्राणी सोडायला लावणं म्हणजे कायदा मोडायला हातभार लावणं, असंही त्यांत बजावलं आहे, कारण प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा त्याच १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. आणि राज्यघटनेच्या ५१-अ कलमात सजीवांविषयी करुणा बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. या सगळ्याच्या प्रती मी ऑफिसात दिल्या आहेत, पोचपावतीसह.

आता तुमच्या बाजूचं. ते मला समजत नाही असं नाही.

पावसाळ्यात आपल्या मागच्या गल्लीत एका सहा वर्षांच्या मुलाला कुत्रा चावला. तेव्हापासून इमारतीत भीती आहे. त्या दिवशी मी तिथेच होते. पोराला नळाखाली धरून पंधरा मिनिटं साबणाने जखम धुणारी मीच होते. त्याच्या आईला सोबत घेऊन मी दवाखान्यात गेले, त्याच्या सगळ्या इंजेक्शनांच्या तारखा अजून माझ्या फोनमध्ये आहेत. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे आई-बापांची भीती खोटी आहे असं मी कधीही म्हणणार नाही. पण त्या भीतीवरचं औषध म्हणजे लस आणि नसबंदी. चावलेला कुत्रा गल्लीतला होता, कुणाचा नव्हता, त्याला लस दिल्याची नोंद नव्हती. शामाला अकरा वर्षांत एकही लस चुकलेली नाही. तिला गेटवर अडवून त्या मुलाची गल्ली कशी सुरक्षित झाली, हे मला कुणी समजावून सांगावं.

मला वाटतं, इथेच आपलं चुकतं आहे, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात कळकळीने सांगायची आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर एकामागून एक आदेश दिले. ११ ऑगस्टला दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा असं सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना त्यांच्या जागी सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नका. त्याच आदेशात, ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र नेलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची, असंही म्हटलं होतं. मग ७ नोव्हेंबरला देशभरातल्या शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांवरून कुत्री हटवून शेल्टरमध्ये न्यायची आणि त्याच जागी परत सोडायची नाहीत, असा आदेश झाला. तेव्हा आपल्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. बऱ्याच जणांनी लिहिलं, "शेवटी शेल्टर हाच उपाय."

शेल्टर कसं असतं ते एकदा येऊन पाहा. पत्र्याचं छप्पर, मेमध्ये तापणारं. एका कुत्र्यासाठी बांधलेल्या पिंजऱ्यात दोन, कधी तीन. रोज सकाळी भाताची मोठी पातेली. एकाला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा साथीचा रोग झाला की सगळ्यांची झोप उडते. पिल्लांच्या खोलीत पार्व्हो हा जीवघेणा विषाणू शिरला तर आठवड्यात खोली रिकामी होते. तिथले लोक जीव तोडून काम करतात, पण शेल्टर हे राहण्याचं ठिकाण नाही, तिथून पुढे कुठेतरी जायचं असतं. एक कुत्रा घरी गेला तरच दुसऱ्याला जागा होते. शामाची जागा रिकामी झाली असती तर त्या रविवारी रस्त्यावरून एक जखमी कुत्रा आत घेता आला असता. त्याला नाही म्हणावं लागलं, मी तिथे होते. रस्त्यावर कुत्री नकोत असं ज्यांना वाटतं, त्यांनी तरी घराचं दार बंद करू नये. तिकडून रस्ता बंद आणि इकडून इमारत बंद केली, तर मधल्या त्या पत्र्याच्या छपराखाली किती जीव कोंबायचे?

गेटच्या आत, डाव्या हाताला, आपलं दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंतीला समितीच पुढे होऊन पालखी काढते, मीही दरवर्षी पाळण्याच्या वेळी असते. त्या मूर्तीच्या पायाशी चार श्वान आहेत. ओम्नी उभी होती तिथून ते दिसतात. काकांची नजर तिकडे गेली होती. ते काही बोलले नाहीत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नोटीस लेखी मागे घ्यावी, आणि मागे घेतल्याची प्रत त्याच फलकावर लावावी. शेल्टरमधून आणलेला, गावठी, म्हातारा, अपंग, असा कोणताही भेद कोणत्याही नियमात असू नये. लिफ्ट आजपासून खुली करावी, यासाठी कुठल्याही सभेची वाट पाहू नये. पाचशे रुपयांची आकारणी रद्द करावी. सी विंगमधल्या दोघींना, मांजर हलवण्याची गरज नाही, असं लेखी कळवावं. काकूंना समितीतल्या कुणीतरी घरी जाऊन भेटावं. माफीचं पत्र नको, नुसतं जाऊन चहा घेतला तरी पुष्कळ आहे.

नियम करायचेच असतील तर ते सर्वसाधारण सभेत, विषयपत्रिकेवर घेऊन करावेत, आणि ते सगळ्या कुत्र्यांना सारखे असावेत. मी स्वतः सुचवते: आवारात कुत्रा नेहमी पट्ट्यावर असावा. घाण मालकाने स्वतः उचलावी. रेबीज लसीच्या दाखल्याची प्रत दरवर्षी ऑफिसात द्यावी. महापालिकेचा परवाना काढलेला असावा. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल आणि त्यांना भीती वाटत असेल, तर कुत्र्यासोबतच्या माणसाने पुढच्या फेरीची वाट पाहावी. मी गेली सहा वर्षं तशीच थांबत आले आहे. आणि मागच्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणासाठी महापालिकेकडे अर्ज करावा. अर्ज मी लिहून तयार ठेवला आहे, त्यावर फक्त संस्थेचा शिक्का हवा. कुत्री पकडायला माणसं येतील त्या दिवशी मी रजा घेईन, कारण ती कुत्री मला ओळखतात.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करणार आहे. हे धमकी म्हणून लिहीत नाही. जे करणार आहे ते आधी तुम्हाला सांगावं, इतक्यासाठीच लिहिते.

काल मी शेल्टरमध्ये गेले होते. शामा बरी आहे, जेवते आहे. गाडीचा आवाज आला की उठते, मग पुन्हा बसते. काकूंनी गॅलरीतली सतरंजी अजून उचललेली नाही. मी त्यांना, आता उचला, पावसाने भिजेल, असं म्हटलं नाही, कारण पावसाला अजून अवकाश आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता तीच ओम्नी पुन्हा गेटवर येईल. वॉचमनकाकांना तसं आधी सांगून ठेवावं, ही विनंती.

आपली,
बी विंग, चौथा मजला
(बंड्याची आई)